उजेडातलं माप

आमच्या खोलीला खिडकी नाही.
होती ती विटांनी बुजवली, वर काळा रंग दिला,
तरी दाराखालच्या फटीतून
खडेबाजारची एक रेघ आत येते.
तिला जुनी सतरंजी लावते. मग मशीन.

हनुवटी टेकवा. कपाळ पुढे.
हिरवा ठिपका दिसेल, तिकडंच बघा.

श्रीपाद वेर्णेकर, वय एकोणतीस,
राहणार शहापूर, धंदा सोनारकाम.
चौदा नंबरचा चष्मा गेल्या महिन्यात
आमच्या ट्रेमध्ये काढून ठेवला
तो परत मागितला नाही.
आता बुबुळाच्या पडद्यामागे
त्याच्या स्वतःच्या भिंगापुढे
एक नवं भिंग,
मधोमध छिद्र पाडलेलं, मोत्याला पाडतात तसं.
दोन भिंगांमध्ये पाण्याची फट.
ती मोजायची, एवढंच माझं काम.

अंधारात सहाशे दहा.

"शिवव्वा, लाइट हाक!"
कानडीत हाक म्हणजे लाव.
पंधरा वर्षं झाली,
माझ्या कानाला अजून वाटतं
मी उजेडाला बोलावतेय
आणि तो येतो.

आला. बाहुली मिटत गेली,
फुटाण्याएवढी होती, मोहरीएवढी झाली,
पडद्यानं भिंगाला मागं रेटलं.
चारशे ऐंशी.
पुन्हा अंधार. सहाशे पाच.
पुन्हा हाक. चारशे ऐंशी.

"बाई, सैल बसलंय काय?"
आवाज एकदम कोरडा.
कोंदणात खडा हलला तर
गिऱ्हाईक दुकान बदलतं, हे त्याला ठाऊक.
"सैल नाही हो. उजेडात खाली बसतं,
अंधारात वर येतं. सगळ्यांचंच."
"किती?"
"एकशे तीस मायक्रॉन."
"म्हणजे गुंजेचा कितवा भाग?"

तो वजनातला माणूस, मी अंतरातली.
शेवटी डोक्यावरचा एक केस उपटला,
नेमका पांढरा निघाला,
"ह्याच्या दीडपट."

चिमटीत धरून त्यानं तो दिव्यासमोर नेला.
चष्म्याशिवाय
केस बघितला.
बराच वेळ बोललाच नाही.

मग म्हणाला, "दिवसभर मी लॅम्पखाली असतो.
आणि रात्री सगळं विझवून पडतो.
तर खरं माप कुठलं धरायचं?"

फॉर्मवर चौकट एकच आहे.
वर कानडी, खाली इंग्रजी,
पत्ता मी मराठीत विचारते.
चौकटीत उजेडाचा आकडा लिहिला,
अंधाराचा बाहेर, समासात, पेन्सिलीनं.
डॉक्टर दोन्ही वाचतात.

जाताना माझ्या पॅडचा कोपरा फाडून
त्यानं केसाची पुडी बांधली.
हात सवयीनं चालत होते,
काय बांधतोय ते बहुतेक त्याला कळलंही नसेल.
खिशात टाकून निघाला.

तेवढ्यात लाइट गेली.
आमचा जिना दगडी, वळणाचा,
तिसरी पायरी फुटकी.
"जपून हो!" मी वरून ओरडले.

"दिसतंय की," तो खालून म्हणाला.

सहाशे, मी मोजलं. सहाशे पाच.