आठ

विर्त्सूच्या धक्क्यावरून साडेदहाची फेरीबोट सुटली
आणि एन्डेल तिच्यात नव्हता.
ट्रेलरवर मधमाश्यांच्या चौदा पेट्या,
वर भिजवलेली ताडपत्री,
आणि समोर तिकिटाचं यंत्र,
ज्याच्यावर 'पुढे' म्हणणारं बटणच नव्हतं.

फोन गेला तार्तूला, लीवीकडे.
ती म्हणाली, बटण आहे.
तो म्हणाला, नाही.
दोघंही खरं बोलत होते.

खिडकीत फलक, फलकात रकाना,
रकान्यात ओळ, ओळीत आणखी एक डबा.
त्यात काय ठेवायचं होतं
ते फक्त तार्मोला ठाऊक,
आणि तार्मो दोन वर्षांपूर्वी बँकेत गेला, टॅलिनला.
रिकामा डबा कुणी काढला नाही.
काढला तर काय कोसळेल, कोण जाणे.

लीवीने बटणालाच विचारलं: दिसतंयस का?
हो.
रुंदी एकशेवीस, उंची चाळीस,
रंग हिरवा, अक्षरं ठळक.
बिचारं आपल्यापुरतं नटूनथटून बसलेलं;
ज्याच्या पोटात बसलंय
त्याची उंची त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

मग तिने जुना उपाय केला,
प्रत्येक डब्याला लाल कड.
पडदा क्षणात काड्यापेट्यांचं गोदाम झाला,
आणि तळाशी, अगदी तळाशी
एकच रेघ, आडवी.
चौकट नव्हे. चौकटीचे मिटलेले ओठ.

ट्रेलर निवडला की वर सूचना उगवायची,
तीन भाषांत, बारा ओळींची.
ती ऐसपैस पसरायची.
उरलेल्यांनी उरलेलं घ्यावं, असा नियम,
आणि उरायचं शून्य.
कडेबाहेर डोकावेल ते कापावं,
हेही कुणीतरी लिहून ठेवलेलं,
कधीतरी, कशासाठीतरी.

'माझ्याकडेही चौकटीच आहेत,' एन्डेल म्हणाला.
वेळ जात नव्हता म्हणून, किंवा
माश्यांचा आवाज चढत होता म्हणून.
'दोन चौकटींत फट ठेवतो.
कमी पडली तर त्या राळेने लिंपून टाकतात,
जास्त झाली तर मधेच
आपलं वेगळं पोळं बांधतात,
मग सुरीशिवाय काही निघत नाही.'

किती फट?

'आठ मिलिमीटर.
आजोबा करंगळी घालून बघायचे.
त्यांची करंगळी बारीक होती.'

लीवीने किमान उंची लिहिली.
सूचनेला सरकपट्टी दिली.
बटणाभोवती मोकळी जागा: आधी शून्य होती,
तिथे आठ.
पडद्यावरचे आठ वेगळे, मिलिमीटर वेगळे,
हे तिला कळतं. तरी आठच.

तार्मोचा डबा तिने तसाच ठेवला.

पावणेबाराच्या बोटीत
नारिंगी जाकिटातल्या पोरीने हात हलवला:
ये, ये, अजून थोडं,
बस.
पुढच्या ट्रकच्या आणि एन्डेलच्या मधे
एक माणूस आडवा होऊन निघेल
एवढी जागा ठेवून
तिने चाकांखाली पाचर सारली.