चार खाचांची पेटी

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीचं ऑफिस
बर्फाच्या कारखान्याच्या डोक्यावर.
खाली कॉम्प्रेसर लागला की वर टेबलं थरथरतात,
पेल्यातल्या चहाला सुरकुत्या पडतात,
आणि अमोनियाचा वास जिन्यावरून
न बोलावता वर येतो.

पाच सर्व्हर, पाच पडदे, पाच कीबोर्ड.
यमुना चोगले या खुर्चीवरून त्या खुर्चीवर.
"डिझेलचा कोटा हितं, लिलाव तितं,
नि मान माजी कुटं ठेवू?"
म्हणून सोसायटीने पेटी मागवली.
एक पडदा, एक कीबोर्ड, एक माउस,
मागे केबलींसाठी खाचा.
खाचा चार.
आठांची महाग होती, चेअरमन म्हणाले.

मी दापोलीहून स्कूटरवर आले,
पाठीवर केबलींची वेटोळी.
खारं वारं इथे लोखंड सोडत नाही.
पोर्टांवर हिरवट साका, स्क्रू जागीच रुजलेले.
स्क्रूला खोबरेल, पिनांना स्पिरिट,
आणि घासायला यमुनाने दिलेला जुना टूथब्रश.

पाचांतला एकच कीबोर्ड ठेवायचा होता.
तिने तो निवडला ज्याच्यावरचं ल-ळचं बटण
गुळगुळीत झालंय, अक्षरं पुसलीत.
मासळी, कोळंबी, जाळी, लिलाव...
"दिसत नाय, पन बोटाला ठावं हाय."

दोनदा स्क्रोल लॉक, मग आकडा.
टुक्.
पेटीवरचा दिवा एक घर सरकतो.
एक: डिझेल. दोन: लिलाव.
तीन: होड्यांचे परवाने. चार: सभासदांची ठेव.
मी प्रत्येकाच्या पडद्याला वेगळा रंग दिला,
कारण हात एकच झाला की
कुणाच्या दारात उभे आहोत
ते टाइप करण्याआधी बघावं लागतं.
यमुनाने केबलींवर नेलपॉलिशचे ठिपके काढले.
लिलावाला लाल. ठेवीला तिने रंगच लावला नाही.

उरलं पाचवं.
खिडकीखाली, पोत्यावर ठेवलेलं, बिननावाचं.
"मुनाफ परकारने बसवल्यान. सहा वर्सं झाली,
तो मस्कतला. काय करतं कोनाला म्हाईत."
बंदच करूया, चेअरमन म्हणाले, वीज तरी वाचेल.

बोट बटणावर होतं.
मग वाटलं, एकदा तोंड तरी बघू.
चार नंबरची केबल काढून त्याला लावली.
पडदा काळा. मग ओळी, एकाखाली एक,
रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी:
तापमान ठीक. बुधाजींना उठवू नये.
तापमान ठीक. बुधाजींना उठवू नये.
वर सरकवत गेले, बोट दुखेपर्यंत.
तेच. तेच.
आणि मागच्या जुलैतली एक रात्र:
तापमान वाढले. बुधाजींना फोन केला.

खालून रखवालदार बुधाजी पावशेंना बोलावलं.
ते चष्मा नसताना पडद्याकडे बघत राहिले.
"वाजला होता फोन. पन बोललं कोन नाय.
मला वाटलं मुनाफच, तिथनं, चुकून.
झोप मोडलीच, तर खाली चक्कर टाकली.
मशीन बंद पडलं होतं. दोन टन बर्फ वाचला."
थोडं थांबून:
"दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन लावला.
उचलल्यान नाय."

चार नंबरला ठेवीची केबल परत लावली.
पाचव्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही.
पेटीवर त्याच्यासाठी दिवा नाही,
कुठलाही आकडा दाबून तिथे जाता येत नाही.
यमुनाने उरलेल्या लाल नेलपॉलिशने
त्याच्या पाठीवर लिहिलं: बंद करू नये.
ळ नव्हता त्यात, तरी अक्षर वळणदार आलं.

खाली किनाऱ्यावर लिलाव सुरू झाला होता,
बोली जिन्यापर्यंत ऐकू येत होती.
मी बिल फाडलं: चार जोडण्या, केबलींसह.
पाचव्याचं काय लावायचं
ते मला ठरवता आलं नाही.