टॅब

हिल्काच्या पडद्यावर काहीच नसतं.
काळी पाटी, हिरवट अक्षरं,
आणि कर्सर, ताटकळलेला, पण कुरकुर न करणारा.
शब्द अर्धा टाकला तर अर्धाच राहतो.
टॅब दाबला की चार जागा रिकाम्या पडतात,
बस.

माझ्याकडे खिडकीत खिडकी, अशा नऊ.
कंस उघडला की आपणहून मिटतो,
चुकलो की खाली लाल नागमोडी,
आणि टॅब दाबला
की मी म्हणणार होतो ते आधीच म्हटलेलं असतं.

ओउलूच्या बंदरापाशी, दुसरा मजला.
बूट दाराशी, पायांत लोकरी मोजे.
आम्ही बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचा प्रोग्रॅम सांभाळतो:
रांगेत किती गाड्या, कुणाला हिरवा दिवा,
रुग्णवाहिका आली तर कुणी थांबायचं.
एकोणीस हजार ओळी.
त्यातल्या बारा हजार हिल्काच्या,
मी शाळेत जायच्या आधीच्या.

"तुझं यंत्र तुला घास भरवतं,"
पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली,
"चावतोस तरी तुझं तू?"
मी हसलो. घरी जाऊन रागावलो.
दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आलो:
सुतारानं रंधा विजेवर चालवला
म्हणून लाकूड रुसत नाही.
"लाकडाला विचारलंस, ओन्नी?"
खालच्या मजल्यावरचा विल्यो, दिव्यांचा मिस्त्री,
कॉफीत साखर ढवळत म्हणायचा,
तुम्ही कशानंही लिहा बाबांनो,
माझा बल्ब एकाच रंगाचा हिरवा.

मग जानेवारीतली ती रात्र. उणे सत्तावीस.
धक्क्यावरचा दिवा लालवरच अडकलेला,
मागे अकरा गाड्या, एक दुधाचा टँकर,
आणि विल्योच्या व्हॅनमध्ये आम्ही तिघं.
माझा संपादक उघडला आणि म्हणाला:
अनुक्रमणिका तयार होत आहे, चौदा टक्के.
पंधरा टक्के.
थंडीनं बॅटरीनंच मान टाकली.
हिल्कानं बोटं कापलेले हातमोजे चढवले,
दिव्याच्या खांबातल्या पेटीलाच कीबोर्ड जोडला,
ओळ क्रमांक तोंडपाठ,
दोन अक्षरं खोडली, एक घातलं.
टँकर हलला.
मी काही बोललो नाही.
तीही बोलली नाही, ते जास्त लागलं.

एप्रिलमध्ये समुद्रावरचा बर्फ करकरायला लागला
आणि एका दुपारी हिल्काची बोटं थांबली.
"ते आपलं… रांग मोकळी करणारं…
काय नाव ठेवलंय मी त्याचं?"
तिनंच लिहिलेलं, बावीस वर्षांपूर्वी.
काळी पाटी काही सांगत नव्हती.
सांगायची तिला कुणी सवयच लावली नव्हती.
ती उठून कॉफी घेऊन आली.
परत बसली. पुन्हा उठली.
मी पडद्यात डोकं घालून
न दिसल्यासारखं केलं.

गुरुवारी माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाली, "सरक जरा."
तीन अक्षरं टाकली.
खाली यादी उलगडली, सात नावं,
चौथं तिचं.
जुन्या वहीत आपलंच अक्षर सापडावं
तशी बघत राहिली.
करंगळी टॅबवर गेली, तिथंच थोडी थांबली,
आणि दाबलं नाही.
आपल्या जागेवर गेली
आणि ते नाव एकेक अक्षर करून लिहिलं,
ओठ हलवत.

आता तिच्या पडद्याच्या कडेला
पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी आहे.
त्याखाली आणखी दोन चिकटल्यात.
मी जवळ जाऊन वाचत नाही.
विल्योसुद्धा त्यांच्याबद्दल विनोद करत नाही,
आणि विल्यो कशावरही करतो.

हल्ली कधीकधी, सगळे गेल्यावर,
मी माझ्या सगळ्या सुचवण्या बंद करून लिहितो.
हात चाचपडतात.
काल एक अर्धविराम राहिला होता,
आणि अर्धा तास
मला कुणी सांगितलं नाही.