कल

मे महिना, आणि पंखा बंद.
दारावर कनुभाईंनी खडूनं लिहिलेलं:
प्रयोग चालू आहे, हसू नये.
हसल्यानंही द्रव हलतो असं त्यांचं ठाम मत.

हातभर रुंद, कमरेएवढी उंच काचेची टाकी.
चार कॅन ग्लिसरीन परवाच ओतलंय.
शेवटचा बुडबुडा काल दुपारी वर आला,
फुटायलाही त्यानं वेळ घेतला.

गोळीचं सोपं असतं.
सोडली की सरळ खाली,
सूत्र तिला आधीपासून ओळखतं.
तिच्या रकान्यातले आकडे
पहिल्या बाकावर बसल्यासारखे.

टिकल्या मी मंगळ बाजारातून आणल्या.
दुकानदार म्हणाला, चणियाचोळी?
मी म्हटलं, हो.
कुठे समजावत बसणार.

टिकली आडवी सोडली तर आडवीच उतरते,
भरलं ताट नेल्यासारखी.
उभी सोडली तर उभी, जरा घाईत.
तिरकी सोडली
तर तिरकीच राहते शेवटपर्यंत.
वळत नाही, सावरत नाही,
नुसती एका अंगाला सरकत सरकत
वीतभर बाजूला जाऊन टेकते.
मी तिथे पेन्सिलनं खूण करते.

सुरसागरच्या पायरीवरून
एकदा पाण्यात सोडून पाहिली होती.
पाण्यानं लगेच आडवी केली तिला,
मग डोलवली, मग हिरव्यात नेली.
पाण्याला मत असतं.
ग्लिसरीनला नाही.
ते फक्त उशीर करतं.

चोपड्याला असताना, दहावीत,
माझी कलचाचणी झाली.
निकालावर लिहून आलं होतं: स्पष्ट कल नाही.
बाबांनी तो कागद दोनदा उलटून पाहिला.
कुणीतरी सोडताना
बोटं किंचित वाकडी धरली असणार,
नाहीतर मी इथे,
दांडिया बाजाराच्या एका खोलीत भाड्यानं,
दिवसभर टिकल्या मोजत?

आज कनुभाईंनी, मला न विचारता,
दोन एकदम सोडल्या. शेजारी शेजारी.
एकटीला लागतो त्याहून कमी वेळात
दोघी खाली.
मी घड्याळ झटकलं. परत केलं.
परत तेच.
वहीत याला रकाना नाही.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

सात वाजले. पाठ चिकट झाली.
तळाला सगळा चकचकाट,
उद्या लांब दांड्याच्या गाळणीनं
एकेक काढायची.
पंखा लावू का, मी विचारलं.
कनुभाई काचेला नाक लावून उभे.
हात वर केला नुसता:
हजी एक बाकी छे.