अनुभव

फॉर्मवर एक रकाना होता : अनुभव, वर्षांत.
बाई म्हणाल्या, नोकरीचा लिहा.
नोकरी म्हणजे वखारभागात
हळदीच्या पोत्यांवर नंबर टाकणं,
दीड वर्ष. मग तेही सुटलं.
मी लिहिलं : अकरा.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
खोडलं नाही.

अकरात सगळं आलं.
मिरजेच्या वॉर्डातली खिडकीकडची कॉट,
हात थरथरून बशीत सांडलेला चहा,
आयर्विन पुलावर थांबलेली ती संध्याकाळ
आणि भडंगाची पुडी पुढं करत
"कुठल्या गल्लीत राहतोस रं?" विचारणारा
कोण कुठला माणूस.
त्याच्याकडं कसलं प्रमाणपत्र होतं?

माझ्याकडं आता आहे.
शिक्का आहे, फोटो आहे,
बिरनाळेचं तेवढं बिराळे झालंय.
आई म्हणते, फ्रेम करून लाव.
मी ते गोळ्यांच्या डब्याखाली ठेवलंय.
गोळ्या चालू आहेत.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
सल्ला देऊ नका.
"मला कळतं" असं घाईनं म्हणू नका.

सोमवारी पहिला आला.
सुकुमार, कुपवाडचा,
बहिणीनं दंडाला धरून आणलेला.
ती बाहेर बाकावर बसली.
चाळीस मिनिटं तो पंख्याकडं बघत होता.
मीही बघत बसलो.
एक पातं जरा वाकडं आहे,
इतकी वर्षं या खोलीत येऊन
कधी दिसलं नव्हतं.

मग तो म्हणाला,
"आवाज येतोय त्याचा."
मी कान दिला, नीट, पुरता.
"होय," म्हटलं,
"मलाबी येतोय."