तिसऱ्या तळघरातला खवीस

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर
माझी रात्रपाळी. काम म्हणजे चार आकडे:
चार खोल्या, दर तासाला तापमान, वहीत.
मधल्या वेळात मी भुयारात उतरतो.

गेम फुकटचा. कुणाकुणा अनोळखी माणसांनी
मिळून लिहिलेला, आणि सगळा उघडा.
ज्याला वाटेल त्यानं झाकण काढावं, आत हात घालावा.
आवाज तेवढे परक्या घरचे:
दार उघडलं की कसल्याशा जुन्या किल्ल्याची कुरकुर,
सोनं सापडलं की चर्चमधल्यासारखी घंटा.

म्हणून संच बदलायला घेतला.
साधी मजकुराची फाईल. डावीकडं घटना,
मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडं आवाजाचं नाव.

दार = तीन नंबर खोलीची खिटी.
पाऊल = ओल्या फरशीवर माझेच गमबूट.
सोनं = पत्र्याच्या ट्रेमध्ये मूठभर बेदाणा.
हे सात वेळा रेकॉर्ड केलं. हिरवा, चढ्या भावाचा,
पडला की नुसता बसतो.
कुणी न उचललेला वाळका काळाच खणखणीत वाजला.
नायक मेला = लाईट जाताना
कॉम्प्रेसर टाकतो तो सुस्कारा.

राहिला खवीस.
गेममध्ये त्याचं नाव वेगळं आहे, मी खवीसच म्हणतो.
तिसऱ्या तळघरात अंधारातून येतो,
दिसायच्या आधी ऐकू येतो.
बाबालाल मुलाणी, आमचे वॉचमन, तसेच यायचे.
काठी नंतर. आधी खोकला.

पहिल्या रात्री सगळं भुयार मुकं.
दोन तास ओळी तपासल्या,
शेवटी एका नावातलं एक अक्षर मोठ्या लिपीतलं निघालं.
यंत्राला लहानमोठं कळतं, चूकभूल कळत नाही.
मग वाजलं, पण वेग चुकलेला,
खवीस पोरागत चिरक्या आवाजात खोकला.
बाबालाल खुर्चीमागं उभे होते.
"आरं, ह्ये कोण कोंबडं?"
"तुम्हीच की, मामा."
ते इतके हसले की खरा खोकला लागला,
आणि मला आणखी चांगला नमुना मिळाला.

पुढं ठेका बदलला.
एजन्सीनं गणवेशातला पोरगा पाठवला, कानात बोंडं घातलेला.
बाबालाल आटपाडीला लेकीकडं गेले.
जाताना टॉर्च जमा केली, सही केली,
गेमचं काही बोलले नाहीत. मीही नाही.
तिसऱ्या तळघरात मात्र मी तलवार काढायचं सोडलं.
खवीस आला की भिंतीला लागून उभा राहतो.
दोनदा त्यानंच मला मारलं.

मार्चमध्ये, आवक जोरात असताना, गेमची नवी आवृत्ती आली
आणि माझी फाईल पुसून बसली.
पुन्हा किल्ला, पुन्हा घंटा.
पेन ड्राईव्हवर प्रत होती, थर्मामीटरच्या खणात.
दहा मिनिटांत सगळं जागेवर,
एक ओळ सोडून. लिहिणाऱ्यांनी खवसाचे
दोन केलेत आता: म्हातारा एक, तरणा एक.
म्हाताऱ्यापुढं बाबालालचं नाव लिहिलं.
तरण्यापुढं काय लिहू?
वॉचमन पोराला विचारलं, "जरा खोकतोस का?"
त्यानं एक बोंड काढलं, बघितलं, परत घातलं.

ओळीपुढं हॅश लावला की ती ओळ असून नसते.
तसा लावून ठेवलाय.
तरणा खवीस सध्या बिनआवाजी येतो
आणि त्याची जास्त भीती वाटते.

काल पहाटे पावणेचारला
तीन नंबरमधून आकडा घेऊन बाहेर आलो,
खिटी लावली, आणि खोकला आला.
माझाच. कोरडा, दोन ठोक्यांचा.
मोबाईल खिशात होता.
थांबला तोवर बटण दाबायचं राहून गेलं.
वहीत लिहिलं: खोली तीन, चार पूर्णांक दोन.