वीस अंश

गिरडच्या रस्त्याला, जिनिंगच्या मागं
आमची टिनाची शेड. तिच्या पोटात एक खोली,
जिथं मे महिना येत नाही.
बाहेर सत्तेचाळीस. आत वीस.
वीस म्हणजे वीस, साडेवीस नाही.
चपला बाहेर, बांगड्या बाहेर,
खर्रा तर फाटकापाशीच थुंकायचा.

चार कांड्या मॉलिब्डेनमच्या,
वीतभर लांब, करंगळीएवढ्या जाड,
सिरॅमिकच्या दोन कड्यांत बसवायच्या समोरासमोर.
खाटेचा पाय आखूड पडला तर चिपटी लावता येते.
इथं नाही.

ग्राइंडिंगवर कवडूभाऊ लांजेवार.
तीस वर्षं तोफगोळ्यांची टरफलं घासून आलेले.
घासलेल्या कांडीला हात लावू देत नाहीत.
"फुगते ते, पोट्टे. मानसावानीच हाय.
अर्धा घंटा बसू दे तिले गप."

मग मी मोजते.
काळ्या ग्रॅनाइटवर, माणकाच्या मण्यानं टोचत टोचत.
एक मायक्रॉन. केसाचे सत्तर भाग करा, त्यातला एक.
आई विचारते, दिवसभर काय करतं वं तिथं?
मोजते, म्हणते मी.
तिला वाटतं, मी पगार लपवते.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतं
आणि कापूस हवेत.
दाराला दार लावलं, तरी एक तंतू
कुठून तरी आत येतो, माझ्या वेणीतूनच आला असेल,
आणि कड्याच्या खोबणीत जाऊन बसतो.
तीन आठवड्यांचं काम. यंत्र म्हणतं, नाही.
कवडूभाऊ शिव्या देत नाहीत.
डोळ्याला भिंग, हातात चिमटा,
तंतू उचलून उजेडात धरतात.
"लांब धाग्याचा हाय. भाव चांगला येईन."

हैदराबादेत कुणीतरी पाण्याचा एक थेंब
या चौघींच्या मधून सोडेल.
विजेच्या झोक्यावर कण हेलकावत निघतील,
वजन जुळलं नाही तो कांडीवर आपटून संपेल,
जुळला तेवढाच पलीकडे.
इंजिनिअर ताई सांगून गेली.
तेव्हापासून मी कांड्यांकडे बघत नाही,
आरपार बघते.
घासतो धातू,
बिल फाडतो मधल्या पोकळीचं.

परवा दुपारी लाइन गेली.
जनरेटर खोकून बंद पडलं.
आम्ही तिघं खोलीबाहेर येऊन बसलो,
आपल्या श्वासानं आत अजून तापू नये म्हणून.
काचेतून आकडा दिसत होता.
वीस पूर्णांक चार.
नऊ.
कुणी बोललं नाही.

सहा वाजता बांगड्या चढवते.
शेवटची अडते.
ऊन लागून हात फुगलाय.